सोनलच्या फीसाठी लावलेला कौल

खरं सांगायचं तर देवीशी माझा अबोला होता. नवरा आजारी पडला तेव्हा मी तिच्या पायरीवर डोकं आपटलं होतं, नवस बोलले होते, अनवाणी फेऱ्या घातल्या होत्या. त्या आजारपणात आधी माझं सोनं गेलं, मग बोट गेली आणि शेवटी तोही गेला. त्यानंतर नवापूरच्या आमच्या गावदेवीच्या देवळासमोरून जायची वेळ आली की मी मान फिरवून समुद्राकडे बघत पुढे जायचे. ओट्यावर बसलेल्या बायका हाक मारायच्या, "वयनी, आत तरी ये गो, हात जोड." मी म्हणायचे, "तिला माझी पडलेली नाय, मला तिची नाय." असं बोलताना माझी जीभ अडखळत नसे. ती मुळातच तिखट, त्यात बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकून विकून तिला आणखी धार आलेली. गिऱ्हाइकं माझ्याशी घासाघीस करायला बिचकतात, तिथे देवीची काय कथा! आज हे लिहायला बसले आहे तीसुद्धा मुलीने मागे लागून बसवलं म्हणून. दहावीपर्यंत शिकलेली बाई मी, चुकलंमाकलं समजून घ्यावं.

सोनल माझी एकुलती एक. बारावीला चांगले मार्क पडले, प्रवेश परीक्षा दिली आणि पालघरजवळच्या एका कॉलेजात फार्मसीला नंबर लागला. आमच्याकडे कारखान्यांत औषधं बनतात आणि आमच्या पोरी ती दिवसभर उभ्या राहून खोक्यांत भरतात. सोनल शाळेत असल्यापासून म्हणायची, "आई, मला भरायची नाहीत, बनवायची आहेत." तिच्या बापाला या बोलण्याचं भारी कौतुक. बोटीवरून उतरला की ओल्या अंगानेच ज्याला त्याला ते सांगत सुटायचा. तो गेला तेव्हा ती पहिल्या वर्षाला होती. बोटीच्या पैशांतलं जे थोडंफार राहिलं होतं त्यात पहिल्या वर्षाची फी भागली. दुसरं वर्ष सुरू झालं तेव्हा घरात भरायला काहीच उरलं नव्हतं.

"मुलींना फी माफ झालीय ना?" असं बाजारात प्रत्येक शहाणा मला विचारायचा. झालीय, बाबा. पण त्यासाठी जात पडताळणीचा दाखला लागतो. त्या अर्जामागे सोनलचा बाप धावत होता. तो गेला आणि कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. मी कचेरीत इतक्या चकरा मारल्या की बाहेरचा चहावाला मला मावशी म्हणायला लागला. कॉलेजचं म्हणणं, दाखला येईपर्यंत तुम्ही भरा, सरकारकडून आले की परत देऊ. म्हणजे ज्याच्याकडे भरायला आहेत त्यालाच माफी! बँकेत गेले. साहेब भला माणूस, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शैक्षणिक कर्जासाठी घरातला कोणी पगारदार माणूस मागितला. आमच्या घरात कधी कुणाला पगार होता? एका ट्रस्टकडे गेले तर अर्जाची मुदत होऊन गेलेली. मच्छीमारांच्या सोसायटीत गेले तर बोट नाही म्हणून कर्ज नाही. आणि हे सगळं ऐन आषाढात. आषाढात मासेमारी बंद, बोटी वाळूवर ओढून झाकलेल्या, घराघरात उन्हाळ्यात वाळवलेल्या बोंबलांवर दिवस काढणं चाललेलं. उसने मागावे तरी कुणाकडे? आणि मागायची मला सवयही नव्हती. उपाशी निजेन पण कुणापुढे पदर पसरणार नाही, असा माझा खाक्या.

एके दिवशी सोनल कॉलेजातून आली ती गप्पच. प्रयोगशाळेत घालायचा तिचा पांढरा एप्रन, रोज धुऊन दोरीवर टाकायची तो, तिने पहिल्या वर्षाच्या एका मुलीला विकून टाकला होता. "फी भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म घेणार नाहीत," ती म्हणाली. "मग एप्रन ठेवून करू काय? सालवडला माझी एक मैत्रीण राहते, तिच्या कंपनीत पॅकिंगला मुली घेतायत. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी जाऊन येते." रडली नाही, चिडली नाही. जेवली, भांडी घासली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ती भांडली असती तर मीही भांडले असते, मला ते जमतं. पण त्या शांतपणाशी भांडता येत नव्हतं. बाप गेला तेव्हाही पोर इतकी गप्प झाली नव्हती.

त्याच आठवड्यात माझी नणंद वंदना आली. ती शेजारच्या गावात दिलेली. येताना सोनलसाठी स्थळ घेऊन आली होती. दोन बोटींचे मालक, एकुलता मुलगा.

"वयनी, लगीन काढ सोनलचं," ती म्हणाली. "पोरगा चांगला हाय, पीत नाय. आणि तुझ्या फीचं पण त्यातच भागल."

"लग्नात फी कशी भागेल गो?"

"आहेर येल ना! तू नि माझ्या भावानं सगल्या गावाला आहेर केलाय. तो आता तुझ्याकडं फिरल. फी भरून वर उरल. मग नवरा शिकवील तिला म्होरं."

ज्यांना आमची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात हळदीचा दिवस लग्नापेक्षा मोठा. त्या दिवशी सगळं गाव मांडवात येतं आणि घरटी आहेर होतो. पण तो नुसता देऊन टाकलेला नसतो. तुमच्या घरी मी दिला, की माझ्या घरी हळद निघाली म्हणजे तुम्ही तो थोडी भर घालून फिरवायचा. बोटीला मासा होता तोवर आम्ही नवराबायको कुणाच्याही हळदीला मागे हटलो नाही. आमचा तो आहेर सगळ्या गावात पसरलेला होता, पण घरी यायचा त्याचा रस्ता एकच, लग्न. आजारपणाला आहेर नाही, मरणाला नाही, शिक्षणाला तर कोण देणार! वंदनाचं ऐकून मला आधी हसूच आलं. पोरीला शिकता यावं म्हणून पोरीचं लग्न लावायचं, हे कुठलं शहाणपण? पण बाजारात पाटीपुढे बसल्या बसल्या ते डोक्यात घोळत राहिलं आणि हळूहळू मला ते पटायला लागलं. सगळ्या बाजूंनी वाट अडली की माणसाला वेडेपणाही शहाणपणाचा वाटतो. सोनलला सांगितलं तर ती वर न बघता म्हणाली, "तुला बरं वाटेल तसं कर." तिच्या त्या उत्तराने माझं काळीज चरकलं, पण मी तो होकार समजून चालले.

आता आमच्या गावात गावदेवीचा कौल घेतल्याशिवाय सोयरीक पक्की करत नाहीत. मुलाकडूनही निरोप आला, कौल घेऊन कळवा. म्हणजे जिच्याशी अबोला तिच्याच दारात जाणं आलं. मंगळवारी सकाळी डोक्यावरून पदर घेऊन मी निघाले. मनात भक्ती म्हणाल तर थेंबभरही नव्हती. सरकारी शिक्का मारून घ्यायला जावं तशी गेले.

कौलाची आमच्याकडची रीत साधी आहे. देवीची शेंदराची शिळा आहे. पुजारी तिच्या उजव्या नि डाव्या अंगाला एकेक ओलं फूल चिकटवतो. उजवं पडलं तर कर, डावं पडलं तर नको. पण दोन गोष्टी कडक पाळतात. एक, प्रश्न मोठ्याने विचारायचा, देवळातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. दुसरी, फूल पडल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही. मधेच उठला तर तो देवीचा अपमान. मंगळवार असल्याने आणि बोटी बंद असल्याने देवळात बायका भरलेल्या. मी पुटपुटल्यासारखं विचारलं, सोनलचं लग्न ठरवू का?

"मोठ्यानं बोल, बाय," आमचे पुजारी बाळूकाका म्हणाले. मी मोठ्याने बोलले.

"आता कारण सांग. कारणाबिगर ती कौल देत नाय."

 इतके दिवस मी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. सोनलची फी भरली का, असं कुणी विचारलं तर "भरली की" म्हणून मोकळी व्हायचे. आणि आता देवीपुढे बसून खोटं कसं बोलू? अबोला असला तरी ती देवी होती. शेवटी म्हणाले, "तिच्या कॉलेजची फी भरायला माझ्याकडे पैसे नाहीत. लग्नाचा आहेर आला तर त्यातून भरेन, म्हणून विचारते."  एवढी तोंडाळ बाई मी, पण त्या क्षणी मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही.

फूल पडेना. उजवं नाही आणि डावंही नाही. एरवी हात जोडून डोळे मिटेपर्यंत पडतं. बाळूकाकांनी घंटा वाजवली, पुन्हा एकदा गाऱ्हाणं घातलं. काही नाही. मांडीला मुंग्या आल्या, कंबर धरली. बायका आरती करून गेल्या, दुसऱ्या आल्या, काही जणी नुसत्या बघत बसून राहिल्या. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. मनात म्हटलं, माणूस नेलास तेव्हा नाही थांबलीस, आता साधं हो-नाही सांगायला तुझं तोंड शिवलंय का? माझ्याकडून एवढं सगळं गावासमोर वदवून घेतलंस, आता निदान बोल तरी! बाहेर पावसाची झड लागली होती, पत्र्यावर तडतडत होती, आणि ती दोन फुलं आपली जागच्या जागी. माझ्याशी देवीनेही अबोला धरला, आता विचारायला जागाच उरली नाही, असं मला वाटलं. इतकं एकटं मला नवऱ्याच्या चितेपाशीही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात मागून हिराकाकीचा आवाज आला. हिराकाकी म्हणजे आमच्या आळीतली म्हातारी. तरुणपणीच नवरा समुद्रात गेला, मूलबाळ नाही, लोकांकडे कोळंबी सोलून पोट भरते. खारं पाणी आणि काट्यांनी तिची बोटं कायम चिरलेली. देवळात ती कधी पुढे येत नाही, खांबाला टेकून बसते.

"फूल पडल कसं?" ती म्हणाली. "ही विचारते एक, हिचं दुखतं दुसरंच. पैशाचं दुखनं हाय आणि विचारते लगनाचं. देवीनं काय सांगावं?"

"मग काय विचारू?" मी तिच्यावर फिस्कारले.

"काय नको विचारू. गप बस जरा. लय बोलतेस." मग ती बायकांकडे वळली. "काय गो, हिचा आहेर कोणाकोणाकडं हाय?"

 एक जण पदराशी चाळा करत म्हणाली, "काकी, तो हळदीचा आहेर. हळदीलाच द्याचा असतो."

"असतो. मला शिकवू नको," हिराकाकी म्हणाली. "पन आपन तो कशाला देतो? पोर उद्या दुसऱ्या घरी गेली तर तिच्या पायाखाली काय तरी असावं म्हनून ना? हिच्या पोरीच्या पायाखालचं आज चाललंय. लगीन कोनी बघितलंय! आनि ऐका, आज दिला तो दिला. उद्या पोरीच्या हळदीला पुन्यांदा कोनी मागायचा नाय. हिनं पन नाय."

मी म्हणाले, नको, मला असले पैसे नकोत. माझ्या तोंडून ते निघून गेलं, सवयच तशी. हिराकाकीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कमरेची गाठ सोडून तिने जे होतं ते देवीपुढच्या ताटात ठेवलं आणि म्हणाली, "पोरीला बोलवा." बायका उठल्या, छत्र्या उघडल्या आणि एकेक करत निघून गेल्या. मला वाटलं, टळल्या. बंदीच्या दिवसांत कुणाच्या घरात काय असतं ते मला ठाऊक नव्हतं का? त्यांच्या जागी मी असते तर मीही टळले असते. मला उठता येत नव्हतं म्हणून मी बसून राहिले, नाहीतर तेव्हाच पळून गेले असते.

पण त्या परत आल्या. भिजत आल्या. कुणी साडीच्या घडीतून काढून आणलं होतं, कुणी नवऱ्याशी दोन शब्द होऊन आली होती, ते तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. सगळ्या आल्या असं नाही. ज्यांच्या घरी आम्ही भरभरून आहेर केला होता त्यांतल्याही दोघी-तिघी फिरकल्या नाहीत. त्यांना मी नावं ठेवत नाही. सोनलला कुणीतरी घरच्या कपड्यांवरच हाताला धरून आणलं. काय चाललंय ते तिला कळेना. तिला पाटावर बसवलं. हळद लावायची की नाही यावर तिथेच वाद झाला. एक जण म्हणाली, लगीन ठरलं नसता हळद लावू नये, पोरीला बाधतं. हिराकाकी म्हणाली, मग कुंकू लावा. आता फीच्या आहेराला कुंकू आधी कोणी लावायचं, याची रीत कुणालाच ठाऊक नव्हती.  हिराकाकीनेच पुढे होऊन कुंकवाच्या कोयरीत बोट बुडवलं, सोनलच्या कपाळाला लावलं आणि कोयरी माझ्या हातात दिली. "लाव. आई हायस ना तू?" मी बसल्या जागेवरून हात लांब करून लावलं. हात नीट पुरेना, थोडं कुंकू तिच्या नाकावर सांडलं.

मग मी पदर पसरला. बायका एकेक करून त्यात टाकत गेल्या. फार आनंद झाला असं इथे लिहिलं तर ते खोटं होईल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर ज्या गोष्टीला घाबरले ती चारचौघांत, भर देवळात, लेकीच्या डोळ्यांदेखत झाली. माझ्यातलं काहीतरी तिथे मोडलं, आणि ते मोडलं म्हणूनच मी श्वास घेऊ शकले, एवढंच मला सांगता येतं. सोनल माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून इतकी रडली, इतकी रडली! एप्रन विकून आल्यापासूनचं सगळं तेव्हा बाहेर आलं. मीही रडले. पुढे बघितलं तर दोन्ही फुलं देवीच्या पायाशी पडलेली. आधी कुठलं पडलं ते कुणीच बघितलं नव्हतं. बाळूकाकांना विचारलं तर ते डोळे पुसत म्हणाले, "मी तर पोरीकडं बघत होतो गो." नंतर त्यांनीच सांगितलं, त्या दिवशी पहाटे देवीला नवा शेंदूर चढवला होता, ओला शेंदूर फूल धरून ठेवतो कधी कधी. असेल. मी त्यावर वाद घालत नाही. फूल लगेच पडलं असतं तर मी उठून घरी गेले असते, उजवं असतं तर मुलाकडे होकार कळवला असता. ते पडलं नाही आणि मला बसून राहावं लागलं, एवढंच मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सोनलला घेऊन कॉलेजात गेले. फी पुरी झाली नाही. प्राचार्यांपुढे उभी राहिले आणि जे होतं ते टेबलावर ठेवून सरळ सांगितलं, हे आमच्या गावच्या बायकांनी दिलंय, बाकीचं हप्त्याने देईन. एक दिवस आधी हे असं बोलायला माझी जीभ वळली नसती. त्यांनी सोनलचा परीक्षेचा फॉर्म घ्यायला सांगितलं. पॅकिंगचा सोमवार टळला. पण त्यापुढे सगळं गोड झालं असं समजू नये. मुलाकडच्यांनी स्थळ मोडलं. "पोरीचा आहेर आईनं आधीच खाल्ला, आता मांडवात काय येल?" हे त्यांचं बोलणं किनाऱ्यावरच्या चार गावांत पोचलं. वंदना माझ्याशी बोलत नाही. सोनलला आता स्थळ येणं कठीण आहे, आणि आलं तरी तिच्या हळदीला मांडव रिकामा राहणार, हे मला माहीत आहे. दाखला अजून आलेला नाही. नारळी पौर्णिमेनंतर बोटी गेल्या, पण मासा पहिल्यासारखा लागत नाही, त्यामुळे हप्ते देताना माझ्या नाकी नऊ येतात. सोनल कधी कधी पुस्तकापुढे बसून नुसतीच भिंतीकडे बघत असते. मी विचारलं तर म्हणते, "काही नाही." तिच्या डोक्यावर सगळ्या गावाच्या बायका बसल्यासारखं तिला वाटत असणार.

गौरी गेल्यावर हातात थोडे पैसे आले तेव्हा मी हिराकाकीकडे गेले. बाकीच्या बायकांचं ठीक होतं, त्यांनी आमचाच आहेर फिरवला होता. पण हिराकाकीकडे आमचा काहीच नव्हता. तिच्या घरी कधी हळद निघालीच नाही, तर आम्ही आहेर करणार कुठे? उलट तीच आयुष्यभर सगळ्यांच्या मांडवात देत आली आणि तिच्याकडे फिरून काही यायची सोयच नव्हती. हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं. ती पडवीत कोळंबी सोलत बसली होती. मी पैसे पुढे केले.

"हे काय गो?"

"तुझा आहेर, काकी. परत करायला आले."

ती हसायला लागली. "माझ्या घरी कोनाची हळद लावतेस? माझी?" हसता हसता तिला ठसका लागला. मग हात न थांबवता ती खाली बघून म्हणाली, "इतक्या वर्सांत किती हळदी बघितल्या. पोरी माझ्या मांडीवर वाढलेल्या, पन हळद लावताना मला कोनी पुढं नाय बोलावलं. बिननवऱ्याच्या बाईनं मागं उभं राहायचं. मी पन कधी गेले नाय पुढं. त्या दिवशी तुझ्या सोनलला पयलं कुंकू मी लावलं. कोनी मला नाय म्हटलं नाय, बघितलंस ना तू? माझं फिटलं गो तेव्हाच. ठेव ते पैसे, पोरीला वही-बिही आन."

 तिच्या समोर बसून मीही कोळंबी सोलायला लागले, तेवढंच सुचलं.

आता मंगळवारी मी देवळात जाते. मागत काही नाही. पुढच्या वर्षीची फी कुठून येईल ते मला ठाऊक नाही, आणि नाही ठाऊक हे तिच्यासमोर मोठ्याने बोलून मी घरी येते. एवढंच माझ्या हातात आहे आणि एवढं पुरतं, असं ती मला शिकवते आहे; मी हळूहळू शिकते आहे. माझा नवरा तिने नेला, याबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही. पण तिचे उपकार मी विसरणार नाही. कारण मीही बिननवऱ्याची बाई. सोनलचं लग्न कधी झालंच, तर माझ्याच घरच्या मांडवात मलाही मागेच उभं राहावं लागेल, हळदीची वाटी दुसरीच कोणी हातात घेईल. तेव्हा मी मागे उभी राहीन. पण माझ्या लेकीच्या कपाळाला मी माझ्या हाताने कुंकू लावलं आहे.